यादवीतल्या सरदारांची मोडी पत्रे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेडणे, डिचोली, सत्तरीतल्या जुन्या घरांत चवथीच्या झाडलोटीला माळ्यावरचा पेटारा खाली येतो आणि त्यात मोडी कागदांचे गाठोडे निघते. कुणाला पुराभिलेखागारात एखादी नक्कल सापडते, कुणी छापील साधनग्रंथ वाचताना अडतो. अशा वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे इथे दिली आहेत. विषय एकच: मराठे मराठ्यांशीच लढत होते त्या काळात सरदारांनी एकमेकांना, आणि पुण्या-साताऱ्याला, लिहिलेली पत्रे.

यादवी म्हणजे नेमक्या कोणत्या लढाया धरायच्या?

ढोबळमानाने चार टप्पे धरावेत. पहिला शाहू आणि ताराबाई यांचा. १२ ऑक्टोबर १७०७ ला खेडची लढाई झाली, १७३१ मध्ये वारणेचा तह झाला, आणि मधल्या काळात सातारा व पन्हाळा अशा दोन गाद्या, दोन सेनापती, दोन प्रतिनिधी नांदले. दुसरा पेशवा आणि सेनापती यांचा. १ एप्रिल १७३१ ला डभईला बाजीरावाच्या फौजेशी लढताना त्र्यंबकराव दाभाडे पडले. तिसरा रघुनाथरावाचा. माधवरावाशी आळेगाव (१७६२) आणि धोडप (१७६८), मग नारायणरावाच्या खुनानंतर बारभाईंशी (त्याच्याविरुद्ध एकत्र आलेल्या पुण्याच्या कारभाऱ्यांशी) थेट १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत. चौथा होळकर आणि शिंदे यांचा. त्यात २५ ऑक्टोबर १८०२ ची हडपसरची लढाई येते.

पत्रे सर्वांत जास्त तिसऱ्या टप्प्याची आहेत. म्हणून पुढची बरीच उदाहरणे १७७३-७४ ची घेतली आहेत.

या पत्रांचा गोव्याशी काय संबंध?

दोन बाजूंनी संबंध येतो. डिचोली, सत्तरी, पेडणे हे महाल अठराव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत पोर्तुगीजांकडे गेले. त्याआधी ते सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलात होते. त्यामुळे तिथल्या देसायांचा कागद मोडीतच चाले. दुसरी बाजू पणजीच्या दफ्तराची. हे दफ्तर १५९५ मध्ये सुरू झाले आणि दियोगु दु कोतु हे त्याचे पहिले दफ्तरदार. शेजारच्या राजांशी झालेला पत्रव्यवहार तिथे वेगळ्या पुस्तकांत नोंदला जाई, आणि लिस्बनशी झालेला पावसाळी गलबतांच्या हिशेबाने बांधलेल्या ‘मान्सून’ पुस्तकांत. पुण्यात कुणाचा पगडा बसतो आहे, मुंबईजवळची साष्टी आणि वसई परत मिळण्याची संधी आहे का, यावर गोव्याची नजर होती. गोव्याहून पोर्तुगीज आरमार येत असल्याच्या धास्तीनेच इंग्रजांनी डिसेंबर १७७४ च्या अखेरीस ठाण्याचा किल्ला घाईने घेतला.

एक गोष्ट मात्र आधीच सांगितलेली बरी. घरच्या पेटाऱ्यात लढाईचे पत्र निघण्याची शक्यता कमी असते. शंभरातले बहुतेक कागद वतनाचे, वसुलाचे, देवस्थानाचे, नाहीतर कर्जरोख्याचे असतात. निराश होऊ नका. त्याच कागदांवर मोडी वाचायचा हात बसतो.

पत्र हातात आले की आधी काय वाचायचे?

कडा. मजकूर शेवटी.

हाच आमचा मुख्य आग्रह आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. परक्याशी लढाई असते तेव्हा कोण कुठल्या बाजूचा हे नावावरून कळते. यादवीत तसे होत नाही. दोन्ही बाजूंचे सरदार एकाच छत्रपतीचे सेवक म्हणवतात, एकाच तऱ्हेचा शिक्का वापरतात, एकाच वळणाचे कारकून पदरी ठेवतात आणि ‘स्वामिसेवे’खेरीज आपल्याला दुसरे काही ठाऊक नसल्याचे सांगतात. यशवंतराव होळकर पुण्यावर चालून आले तेव्हासुद्धा पेशव्यांना सेवकाच्याच भाषेत लिहीत होते. अशा पत्राचा मधला मजकूर आधी वाचला की लिहिणाऱ्याने दाखवायचे ठरवलेले चित्रच डोक्यात पक्के बसते.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी कागद उलटा करून पाठीवरचा शेरा पाहा. तिथे बहुधा ‘पै॥’ किंवा ‘पौ॥’ असे लिहून पुढे तारीख असते. ती पत्र पोहोचल्याची तारीख. मग मायना, म्हणजे कोणी कोणाला कोणत्या पायरीवरून लिहिले ते. मग शेवटची ओळ आणि रवानगीची तारीख. मग शिक्का व मोर्तब (पत्र संपल्याचा शेवटचा छोटा शिक्का). त्यानंतर ओळींच्या मध्ये किंवा समासात निराळ्या हाताने काही घातले आहे का ते. एवढे झाले की मजकुराकडे वळा.

पोहोच आणि रवानगी यांतले अंतर फार बोलके असते. नेहमी चार दिवसांत येणारे पत्र अठरा दिवसांनी आले, तर वाट अडली होती, जासूद (पत्र नेणारा निरोप्या) धरला गेला होता किंवा तारीख मागाहून घातली होती. तिन्ही शक्यता मनात ठेवून पुढे वाचावे.

मायन्यावरून काय कळते?

लिहिणारा स्वतःला कुठे उभा करतो ते. नेहमीचा साचा असा:

‘राजश्री अमुक गोसावी यांसि. अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य स्ने॥ अमुक रामराम विनंति उपरि येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे. विशेष.’

‘स्ने॥’ म्हणजे स्नेहांकित, म्हणजे बरोबरीचे नाते. तिथे ‘सेवक’ आले की लिहिणारा खालच्या पायरीवर उतरला. ब्राह्मण सरदार मराठा सरदाराला आशीर्वाद लिहील, मराठा ब्राह्मणाला दंडवत लिहील, समान दर्जाचे नमस्कार किंवा रामराम लिहितील. धन्याकडून येते ती आज्ञा, आणि ती ‘जाणिजे’ने संपते. बरोबरीच्या किंवा वरच्या माणसाला लिहिलेले पत्र ‘बहुत काय लिहिणे, हे विनंति’ने संपते.

यादवीत या पायऱ्या हलतात. कालपर्यंत आज्ञा करणारा आज विनंती करू लागला की त्याला फौज हवी आहे असे समजा. एकाच सरदाराला आलेली सहा महिन्यांची पत्रे तारीखवार लावून नुसते मायने वाचले, तरी वारा कुठून कुठे फिरला ते दिसते. उलट रघुनाथरावाचा पाठलाग करणारे लोकही पत्रात त्याला ‘दादासाहेब’च म्हणतात. तेवढ्यावरून लिहिणारा आतून त्याचा पक्षपाती होता असे ठरवू नये. घराण्याचा मान लेखणीने सोडलेला नसतो.

‘श्रीमंत’ म्हणजे कोण?

हे तारखेवर अवलंबून आहे, आणि इथेच सर्वाधिक चुका होतात. ३० ऑगस्ट १७७३ पर्यंत पुण्याच्या पत्रातले श्रीमंत म्हणजे नारायणराव. त्याच्या खुनानंतर पेशवाईची वस्त्रे रघुनाथरावाने घेतली, म्हणून काही महिने श्रीमंत म्हणजे तो. १७७४ च्या आरंभी बारभाईंनी नारायणरावाची गरोदर पत्नी गंगाबाई हिला पुरंदरावर नेऊन तिच्या नावाने कारभार सुरू केला. २६ मार्चला पंढरपूरजवळ कासेगावला रघुनाथरावाशी लढताना बारभाईंकडचे त्र्यंबकराव पेठे जखमी होऊन कामास आले. १८ एप्रिलला पुरंदरावर सवाई माधवराव जन्मला आणि २८ मे रोजी, चाळिसाव्या दिवशी, त्याला वस्त्रे मिळाली.

आता मार्च १७७४ चे एखादे पत्र ‘श्रीमंतांची फौज नजीक आली’ म्हणत असेल, तर लिहिणारा कुठल्या गोटात बसला आहे ते आधी ठरवल्याशिवाय अर्थच लागत नाही. आणि त्याच महिन्याच्या पत्रात ‘श्रीमंत सवाई माधवराव’ आले, तर ते पत्र मागाहून तयार झालेले आहे. जन्मच झाला नव्हता.

‘छ १८ रबिलावल सु॥ अर्बा सबैन मया व अलफ’ ही तारीख कशी उलगडायची?

यात दोन निरनिराळ्या कालगणना गुंफलेल्या आहेत. ‘छ’ पुढचा आकडा आणि महिना हिजरी, म्हणजे चांद्र. ‘सु॥’ पुढचे वर्ष शुहूर सनाचे. ते सौर असून मृगाला, जूनच्या पहिल्या आठवड्यात, बदलते. आपल्याकडे मिरग लागला की शेत नांगरायला काढतात, तोच हा मुहूर्त.

वर्षाचे शब्द एकं, दहं, शतं, सहस्र या क्रमाने वाचायचे. इहिदे १, इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सित ६, सबा ७, समान ८, तिसा ९. दशके: अशर १०, अशरीन २०, सलासीन ३०, अर्बैन ४०, खमसैन ५०, सितैन ६०, सबैन ७०, समानीन ८०, तिसैन ९०. मया १००, मयातैन २००, अलफ १०००. तेव्हा अर्बा सबैन मया व अलफ म्हणजे ४ + ७० + १०० + १००० = ११७४.

त्यात मृगापासून डिसेंबर अखेरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे हे वर्ष जून १७७३ ते जून १७७४. वरच्या उत्तरातल्या सगळ्या घटना, खुनापासून वस्त्रांपर्यंत, याच एका वर्षात बसतात. त्यामुळे नुसत्या वर्षावरून काहीच निश्चित होत नाही.

आता खरी मेख. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते, म्हणून प्रत्येक शुहूर वर्षात हिजरी महिन्याच्या दहा-अकरा तारखा दोनदा येतात. ११७४ मध्ये हे रबिलावलच्या बाबतीत घडले. वर्ष सुरू झाले तेव्हा रबिलावल अर्धा उरला होता आणि वर्ष संपताना पुन्हा रबिलावलच चालू होता. म्हणून ‘छ १८ रबिलावल’ ९ जून १७७३ च्या सुमाराचा असू शकतो, म्हणजे नारायणराव गादीवर असतानाचा. किंवा २९ मे १७७४ च्या सुमाराचा, म्हणजे तान्ह्या पेशव्याला वस्त्रे मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशीचा. चंद्रदर्शनामुळे एखादा दिवस इकडे-तिकडे धरावा.

दोहोंतून निवडायला शक, तिथी व वार, किंवा मजकुरातली एखादी ठाम घटना लागते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, मात्र जानेवारीपासून चैत्रापर्यंतच्या तारखांना ७९. यापैकी काहीच नसेल तर दोन्ही तारखा लिहून ठेवा. मनाने एक निवडू नका.

आणि शुहूर सनाला हिजरी सन समजू नका. पानिपतच्या लढाईच्या वेळी, १४ जानेवारी १७६१ ला, शुहूर ११६१ होता आणि हिजरी ११७४. नवखे वाचक इथे हमखास तेरा वर्षांनी घसरतात.

इंग्रजी किंवा पोर्तुगीज कागदातली तारीख सरळ घेतली तर चालते ना?

पोर्तुगीज कागदातली चालते. पोर्तुगालने नवी दिनगणना १५८२ मध्येच घेतली. इंग्रजांनी ती सप्टेंबर १७५२ मध्ये घेतली. त्याआधीच्या अठराव्या शतकातल्या मुंबईकर इंग्रजांच्या तारखा ११ दिवस मागे असतात, आणि त्यांचे वर्षही २५ मार्चला बदलत असे. शाहू-ताराबाई किंवा दाभाडे प्रकरणात गोव्याचा आणि मुंबईचा कागद शेजारी ठेवून ‘बातमी गोव्याला आधी कशी कळली?’ असा शोध लावण्यापूर्वी हे अकरा दिवस मिळवून पाहावेत.

दोन उभ्या रेघांचे संक्षेप कसे ओळखायचे?

नेहमीचे एवढे पाठ करा: रा॥ राजश्री, चि॥ चिरंजीव, मु॥ मुक्काम, सु॥ शुहूर, नि॥ निसबत (अमक्याकडचा), दि॥ दिमत (अमक्याच्या पथकातला), त॥ तर्फ, प॥ परगणा, मौ॥ मौजे, क॥ कसबे, पै॥ पैवस्त (पोहोचले). मुक्कामाचे नाव बहुधा तारखेपाशीच सापडते.

आकड्यांत याच रेघा अपूर्णांक असतात. एक रेघ पाव, दोन रेघा अर्धा, तीन रेघा पाऊण. म्हणून ‘१॥’ म्हणजे दीड. लष्करी पत्रात दाण्याचा भाव आणि रोजमुऱ्याचे (शिपायांच्या पगाराचे) आकडे असेच येतात. रेघ सुटली की हिशेब बिघडतो.

मोडी येते, तरी पत्र लागत नाही. का?

सरावाचे पुस्तक आणि छावणीतले पत्र यांत फरक आहे. पेशवाईतला कारकून आधी ओळीभर शिरोरेघ ओढून घेई आणि मग बोरू शक्यतो न उचलता तिला अक्षरे लटकवत जाई. शब्दांत अंतर नाही, विरामचिन्ह नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, अनुस्वार दिला तर दिला. छावणीत घाई असेल तर अक्षरे आणखी पडतात.

मग अडते ते मुख्यतः विशेषनामांपाशी. ‘हरीपंत’, ‘पटवर्धन’, ‘गाडदी’ (पगारी पायदळ शिपाई) ही नावे आधी ठाऊक असतील तर डोळा त्यांना पकडतो. म्हणून लढाईचे पत्र वाचायला बसण्यापूर्वी त्या मोहिमेतल्या माणसांची, गावांची, नद्यांची यादी करून शेजारी ठेवा. दुसरा उपाय साच्याचा. ‘आपण पत्र पाठविले ते पावले, लिहिला मजकूर सविस्तर कळला’ अशी वाक्ये प्रत्येक पत्रात येतात. ती शोधून त्या कारकुनाचा क, ळ, र कसा आहे ते टिपून घ्या, मग अडलेल्या जागी जा. ‘र’वर विशेष लक्ष ठेवा. मागच्या-पुढच्या अक्षराप्रमाणे तो रूप बदलतो.

पत्र सरदाराच्या स्वतःच्या हातचे असते का?

क्वचित. मजकूर चिटणीस किंवा कारकून लिही. अक्षरावरून कारकून ओळखता येतो, धनी नव्हे. पण शेवटी दोन-चार ओळी वेगळ्या, बहुधा ओबडधोबड अक्षरात असतील तर त्या नीट पाहा. धन्याने स्वतः घातलेली ओळ म्हणजे बहुतेक वेळा पत्राचा खरा हेतू. मुख्य पत्रापासून सुटी पुरवणी असते तिलाही हेच लागू. पत्र दरबारात वाचून दाखवायचे, पुरवणी एकट्याने वाचायची. दफ्तरांत या दोन्ही पुष्कळदा वेगळ्या पडलेल्या सापडतात. तारीख, अक्षर आणि कागदाच्या घड्या जुळवून जोडी लावावी.

पत्रे पोहोचत कशी? आणि गुप्त काय राही?

जासूद जोडीने जात. एक पडला तर दुसरा पोहोचावा म्हणून. महत्त्वाचे पत्र दोन प्रतींत, दोन वाटांनी जाई. त्यामुळे थोड्याफार फरकाच्या दोन प्रती सापडल्या तर एक बनावट असे लगेच मानू नका.

गुप्त गोष्ट शक्यतो कागदावर येतच नसे. ‘सविस्तर मजकूर मुखजबानी सांगतील त्याजवरून कळेल’ असे लिहून पत्र संपते, आणि नेमका आपल्याला हवा तो भाग जासुदाबरोबर गेलेला असतो. १७७८ मध्ये मोरोबादादा फडणिसाने नानाविरुद्ध उचल खाल्ली त्या सुमाराची पत्रे वाचताना हे ठायी ठायी जाणवते. जितके पत्र गोड आणि मोघम, तितके निरोप्याजवळ जास्त.

यावर एक चांगला उपाय आहे. उत्तर देणारा आधी मूळ पत्राचा सारांश लिहितो आणि मग आपले म्हणणे मांडतो. मूळ पत्र हरवले असले तरी उत्तरातून त्याचा बराचसा मजकूर परत मिळवता येतो. म्हणून आलेल्या पत्रांइतकीच त्यांची उत्तरेही शोधा.

फौजेचे आकडे खरे धरायचे का?

कोण कोणाला सांगतो आहे ते पाहून. आपली फौज सांगणाऱ्याला पैसा हवा असतो, म्हणून आकडा फुगतो. मदतीला येणाऱ्याची वाट पाहणारा सरदार शत्रूची फौज फुगवतो. त्यापेक्षा वैरण आणि रोजमुऱ्याच्या तक्रारी जास्त भरवशाच्या. अमुक मुक्कामी आठ दिवस दाणा मिळाला नाही, गाडदी पगारासाठी धरणे धरून बसले, ही माहिती खोटी लिहून फायदा नसतो. अशा पत्रांचा निम्मा मजकूर पैशाचा असतो. वाचक तो कंटाळून वगळतात, आणि मग फौज अमुक दिवशी का हलली नाही याचे उत्तर त्यांना सापडत नाही.

‘ध’ चा ‘मा’ खरेच झाला होता का?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. नारायणरावाला ‘धरावे’ असा हुकूम रघुनाथरावाने दिला आणि आनंदीबाईने ‘मारावे’ केला, ही गोष्ट मराठी माणूस शाळेत जाण्याआधी ऐकतो. ज्या चिठ्ठीवर ही गोष्ट उभी आहे ती चिठ्ठी समोर ठेवून कुणी दाखवत नाही. आणि कडा पाहायच्या म्हटले तर इथे कागदच नाही: शिक्का नाही, अक्षर नाही, तारीख नाही. गाडद्यांना चिथावणी होती आणि रामशास्त्र्यांनी रघुनाथरावाला दोषी धरले, इथपर्यंत जाता येते. आनंदीबाईच्या लेखणीपर्यंत जाता येत नाही. आमच्या मते ही आख्यायिका म्हणूनच सांगावी.

बनावट पत्र कसे ओळखायचे?

लढाईची पत्रे बनावट निघण्यापेक्षा सनदा आणि इनामपत्रे जास्त निघतात, कारण त्यांत जमीन असे. एकोणिसाव्या शतकात इनामांची चौकशी सुरू झाली तेव्हा जुने कागद ‘तयार’ करण्याला ऊत आला. तपासायच्या गोष्टी अशा. तिथी आणि वार पंचांगाशी जुळतात का. ज्याचा शिक्का आहे तो त्या दिवशी हयात आणि अधिकारावर होता का. एखादा किताब मिळण्याआधीच लावला आहे का. पेशव्याच्या शिक्क्यात छत्रपतीचे नाव असते, ते त्या वर्षीच्या छत्रपतीचे आहे का. मजकूर बोरूच्या जाड-बारीक वळणाचा आहे की टाकाच्या एकसारख्या रेघेचा. लांब पत्रात दोन बंद (कागदाचे लांब तुकडे) जिथे चिकटवले आहेत तिथे जोडाचा शिक्का दोन्ही तुकड्यांवर सलग उमटला आहे का.

यांतली एक खूण चुकली म्हणून पत्र टाकून देऊ नये. नक्कलकाराची चूक असू शकते. दोन-तीन एकदम चुकल्या तर मात्र विश्वास ठेवू नका.

पोर्तुगीज भाषांतर मिळाले, मूळ मराठी नाही. कितपत भरवसा?

घटनेसाठी बराच, मायन्यासाठी अजिबात नाही. गोव्याच्या सरकारचे दुभाषे मजकूर नेटका उतरवत, पण स्ने॥, सेवक, आशीर्वाद, रामराम या पायऱ्या पोर्तुगीज शिष्टाचाराच्या एकाच साच्यात विरघळतात. यादवीच्या पत्रातला अर्धा अर्थ तिथेच जातो. नावेही ओळखून घ्यावी लागतात. ‘बोंसुलो’ म्हणजे सावंतवाडीकर भोसले, नागपूरकर नव्हेत.

दोन भाषांतल्या प्रतींचा फरक किती लांब जाऊ शकतो याचे उदाहरण १७७९ च्या पुणे-गोवा तहाचे. पोर्तुगीज प्रत ४ मेची, मराठी प्रत १७ डिसेंबरची. या तहाने पोर्तुगीजांना दमणजवळ १२,००० रुपयांच्या उत्पन्नाची गावे द्यायची होती. ती सार्वभौम हक्काने दिली की नुसत्या सरंजामाने, हा वाद दादरा-नगरहवेलीवरून हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने तहाने सार्वभौमत्व दिले नव्हते, केवळ महसुली हक्क दिला होता, असे धरले.

अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या सेनाधिकाऱ्यांच्या पत्रांशी तुलना करता येते का?

करता येते, आणि करावी. तिथेही दोन्ही बाजूंचे अनेक अधिकारी एकाच लष्करी शाळेतून निघालेले होते आणि शत्रूलाही ‘आपला आज्ञाधारक सेवक’ अशी सही करत. ३ जून १८६४ ला कोल्ड हार्बरच्या हल्ल्यात युनियनचे, म्हणजे उत्तरेचे, हजारो सैनिक पडले. ५ तारखेला उत्तरेचा सेनापती ग्रँट याने दोन्ही फळ्यांमधल्या जखमींना उचलण्याबद्दल दक्षिणेचा सेनापती ली याला पत्र पाठवले. लीने उत्तर दिले की यासाठी रीतसर पांढरे निशाण पाठवावे लागेल. रीतीप्रमाणे तसे निशाण मागणे म्हणजे रण हरल्याचे मान्य करणे. पत्रे जात-येत राहिली आणि जखमी उचलण्यापुरता तह ७ तारखेच्या संध्याकाळी झाला. तोवर उचलायला जिवंत माणसे फारच थोडी उरली होती. मायन्याला आणि रीतीला ‘वरवरचे’ म्हणणाऱ्यांनी ही तीन-चार पत्रे जरूर वाचावीत.

फरकही मोठा आहे. त्यांच्याकडे तार होती, त्यामुळे पत्रावर तास-मिनिटे सापडतात. आपल्याकडे ‘दोन प्रहर दिवस’, ‘चार घटका रात्र’ असते. प्रहर तीन तासांचा, घटका २४ मिनिटांची, आणि मोजणी सूर्योदयापासून किंवा सूर्यास्तापासून. शिवाय त्यांच्या सरकारने १८८१ ते १९०१ मध्ये दोन्ही बाजूंचे कागद १२८ पुस्तकांत एकत्र छापले. आपल्याकडे पेशवे दफ्तरातली निवड सरदेसायांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी ४५ भागांत छापली, तरी न छापलेले रुमाल (कापडात बांधलेली कागदांची गाठोडी) कितीतरी पटींनी जास्त आहेत, आणि सरदारांच्या घरची दफ्तरे वेगळीच.

गोव्याच्या पावसात घरचे कागद कसे सांभाळायचे?

आधी शाई ओळखा. मोडी पत्राची शाई काजळीची, डिंकात घोटलेली. दोनशे वर्षांनीही ती काळीभोर राहते, पण पाणी लागले की धुऊन जाते. ओल्या फडक्याने बुरशी पुसायला गेलात तर अक्षरही पुसून निघेल. पोर्तुगीज कागदांची शाई लोहाची. ती पाण्याला टिकते, पण कागदच खाते. अक्षराच्या जागी अक्षराच्याच आकाराची भोके दिसतात ती यामुळे. असा कागद घडी उलगडताना ओळीवरच तुटतो, म्हणून खाली पुठ्ठा सरकवून मगच उचला.

कुठे कुठे ओळींत बारीक चकाकणारे कण दिसतील. शाई सुकवायला टाकलेली वाळू आहे ती. झटकू नका, तिच्याबरोबर शाईचा पापुद्रा निघतो.

पेटारा जून ते सप्टेंबर उघडू नये. दमट हवा आत शिरली की बुरशीला आठवडाही लागत नाही. प्लास्टिकच्या पिशव्या नकोत, आत घाम धरतो. धुतलेल्या, खळ काढलेल्या सुती कापडाचा रुमाल करून त्यात कागद आडवे ठेवावेत आणि गाठोडे भिंतीपासून वीतभर दूर, जमिनीपासून उंच ठेवावे. डांबरगोळ्या कसरीला रोखतात, बुरशीला नाही. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत सावलीत एकेक कागद मोकळा करून पाहावा. ऊन दाखवू नये.

फोटो आणि लिप्यंतर करताना काय पाळायचे?

खिडकीजवळ, उजेड एका बाजूने येईल असा, फ्लॅश न वापरता. प्रत्येक बंदाची पुढची आणि मागची बाजू, कोरी असली तरी. शेजारी मोजपट्टी. घड्या पडलेल्या असतील तर त्याही दिसू द्याव्यात. त्यांवरून लखोटा कसा होता ते कळते.

लिप्यंतर मूळ ओळीप्रमाणे ओळ तोडून करावे. शुद्धलेखन सुधारू नये. लावलेले अक्षर चौकटी कंसात घ्यावे, फाटलेल्या जागी ‘फाटले’ लिहावे, संशय असेल तिथे प्रश्नचिन्ह घालावे. शब्द तोडताना विशेष जपा. तुम्ही कुठे तोडला ते पुढचा वाचक मूळ म्हणूनच घेईल.

पत्राचे तुकडे झाले आहेत. चिकटपट्टी लावू का? लॅमिनेट करू का?

दोन्ही नको. चिकटपट्टीचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन कागदात मुरतो, आणि लॅमिनेशन परत काढता येत नाही. तुकडे मूळ जागी जुळवून एका कोऱ्या कागदावर मोकळे ठेवा, वर दुसरा कागद ठेवून पाकीट करा, आणि पाकिटावर पेन्सिलने लिहा: कुठल्या गाठोड्यातले, कितवे, त्याच्या वर आणि खाली कुठला कागद होता. गाठोड्यातला क्रम हीदेखील माहितीच असते. पुरवणीची जोडी पुष्कळदा त्यावरूनच लागते. शिवायचे किंवा अस्तर लावायचे झाल्यास ते काम पुराभिलेखागारातल्या जाणकारांना दाखवूनच करावे, तेही आधी फोटो काढून.